मालकाची टोपली

माझ्या सासूचं नाव चमेली. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला माणसाची पारख नव्हती, एवढंच मी म्हणेन. वर्षातले नऊ-दहा महिने ती तशी बरी असते. पण पोळा सरला, तलावावर शिंगाड्याचे वेल पसरले, की तिच्या नाकावर जो राग येऊन बसतो तो दिवाळीनंतरची मंडईची जत्रा होईपर्यंत उठत नाही.

आणि नेमके हेच दिवस आमच्या गावाचे चांगले. बिरसीच्या विमानतळाच्या अलीकडे आमचं गाव आहे, गाव आणि तलाव यांच्यामध्ये एक मातीची पाळ, बस. आश्विनात पाळीवरचा चिखल सुकतो. हलका धान कापणीला येतो, सकाळी अंगणात बसलं की ऊन अंगाला गोड लागतं, आणि बिरसीची शिकाऊ विमानं तलावावर गोल गोल फिरत असतात. पोरांना दिवाळीच्या सुट्ट्या लागतात. अशा वेळी चुलीवर मोठ्या गंजात शिंगाडे उकडावेत, मिरची-कोथिंबिरीची चटणी वाटावी, आणि सगळ्यांनी अंगणात गोल करून साली काढत बसावं, यापेक्षा माणसाला जास्त काय पाहिजे? पण आम्ही तसे बसलो की ही आतून ओरडणार, "बसून काय राहिले? तलाव का तुमच्या बापाचा होय?"

मी या घरात आले त्याला अकरा वर्षं झाली. माझं माहेर तिरोड्याकडचं, शेतकऱ्याचं. आम्ही शिंगाडे बाजारातून आणायचो. इथे आले तर घरचाच मळा, तोही पाण्यावरचा. पहिल्या आश्विनात माझा नवरा योगराज डोंग्यातून पहिली तोडणी घेऊन आला. पहिल्या तोडणीत जेमतेम एक टोपली निघते. हिरवे, लालसर, पाणी निथळणारे शिंगाडे. मी नवी नवरी, एक उचलला. सासूनं हातातल्या उलथण्याचा दांडा माझ्या मनगटावर असा हाणला की बांगडी फुटली.

"आधी मालकाचं होऊ दे," ती म्हणाली.

मला वाटलं मालक म्हणजे देव. गप्प बसले. देवाचं आधी, हे माझ्या माहेरीही होतंच. मग कळलं की मालक म्हणजे कुडव्याला राहणारे दुर्गाप्रसादजी. त्यांच्या आजोबांकडे आमच्या गावाची मालगुजारी होती. तलावही त्यांचाच. माझ्या आजेसासऱ्याला त्यांनी तलावात शिंगाडा लावू दिला, आणि आजेसासऱ्यानं पाण्यात उभं राहून शब्द दिला, की दरसाल पहिली टोपली मालकाच्या दारी जाईल, त्याआधी आमच्या घरात कोणी दाणा तोंडात घालणार नाही.

मालगुजारी जाऊन सत्तर वर्षं झाली. तलाव सरकारजमा झाला. आता मच्छीमार सोसायटी तो ठेक्यानं घेते आणि योगराज सोसायटीचा सभासद आहे. मालकांनी गावातली जमीन विकली, घर विकलं आणि कुडव्याला बंगला बांधला. सुतार, लोहार, गुराखी, सगळ्यांच्या टोपल्या एकेक करून बंद झाल्या. आमची मात्र मालकाच्या मागे मागे कुडव्यापर्यंत गेली. सुंभ जळतो आणि पीळ राहतो म्हणतात, पण इथे सुंभ त्यांचा आणि पीळ आमच्या घरात!

मी पहिल्या वर्षापासून भांडले. माझे सासरे पतिराम शांत माणूस. ते चिडत नसत. म्हणायचे, "शब्द होय बाई तो. माह्या बापानं पान्यात उभा राहून देला." मग एका सालाची गोष्ट सांगायचे. त्या साली टोपली जायला दोन दिवस उशीर झाला आणि लाल किड्यानं अख्खा वेल फस्त केला. मी म्हणायचे, किडा काय मालकाला विचारून येतो का? त्यावर ते हसायचे आणि सासू आतून भांडं आपटायची.

टोपली नेण्याचं काम घरच्या बाईचं. त्याचे नियम ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मालकाच्या दारापर्यंत गाडीवर जायचं नाही, कोपऱ्यावर उतरायचं. चप्पल तिथेच काढायची. पदर नाकापर्यंत ओढून, डोक्यावर टोपली घेऊन जायचं. पायरीवर टोपली ठेवायची, हात जोडायचे आणि मान खाली ठेवायची. वर पाहायचं नाही. आतून मालकीण येणार, टोपली रिकामी करणार, रिकामी परत देऊ नये म्हणून तीत मूठभर तांदूळ टाकणार. ते तांदूळ घेऊन घरी यायचं, मग दुसऱ्या तोडणीसाठी आमच्या चुलीवर गंज चढणार. चाळीस वर्षं सासूनं हे केलं. चाळीस वर्षांत तिनं त्या घरातल्या बायांचे फक्त पाय पाहिले.

योगराज तिला मोटारसायकलवर कुडव्याच्या चौकापर्यंत सोडायचा आणि चहाच्या टपरीवर थांबायचा. परत आली की ती दिवसभर कोणाशी धड बोलायची नाही. तिला मालकाचा राग होता का आमचा, का स्वतःचा, मला तेव्हा कळत नव्हतं. अलीकडे ती एक तक्रार मात्र करू लागली होती. "मालकीण आता मूठभर तांदूळ बी टाकत नाही. रिकामी टोपली हातात देते. मोठ्या लोकायची नियत लहान झाली." मी म्हणायचे, मग बंद करा ना. ती म्हणायची, "तू गप बस."

आता दोन वर्षांपूर्वीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगून उपयोग नाही.

सासऱ्यांना दमा होता. त्या आश्विनात तो फार वाढला. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं, याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. त्यांची खाट आम्ही अंगणात उन्हाला ठेवली होती. चार दिवस पोटात अन्न नव्हतं, पेजही उतरत नव्हती. त्या दिवशी सकाळी योगराजनं पहिली तोडणी आणून खाटेजवळच ठेवली. सासऱ्यांनी मान वळवली. टोपलीकडे पाहिलं. हात लांब केला, पण पोचला नाही.

"चमेली," ते म्हणाले, "एक सोलून दे ना वं."

चार दिवसांनी माणसानं तोंडानं काही मागितलं होतं. सासूनं टोपलीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं.

"होऊ द्या ना जी मालकाचं," ती म्हणाली. "दुपारपावतर येतोच मी. मंग दुसरे तोडून आनू, पोटभर खा."

बापाचा शब्द होता, ते काय बोलणार? तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि योगराजच्या मागे बसून गेली. वाटेत चाक पंक्चर झालं, तास मोडला. ती परत आली तेव्हा मी अंगणात सासऱ्यांच्या तोंडावर धोतर ओढलं होतं.

लोक सासूला काय काय बोलले. माझ्या मनातही आलं. पण मीही तिथेच उभी होते ना! माझ्या हातात विळा होता. टोपलीतला एक शिंगाडा काढून पदराखाली ठेवला असता तर कोणाला कळणार होतं? सासू गेल्यावर सोलून तोंडात घातला असता. नऊ वर्षं मालकाच्या नावानं बोटं मोडणारी मी, ऐन वेळी माझाही हात टोपलीपर्यंत गेला नाही. मालकाचा मला राग आहेच. माझा मला त्याहून जास्त आहे.

वर्ष गेलं. गेल्या साली मला वाटलं, आता तरी ही थांबेल. पण पहिली तोडणी आली आणि तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली. मी वाटेत आडवी आले. म्हटलं, "एवढं झाल्यावर बी?" ती म्हणाली, "एवढं झाल्यावरच. आता बंद केलो तं मंग त्याले कायले नाही देलो मी?"

मला तेव्हा पहिल्यांदा समजलं की ती टोपली आता मालकाची राहिली नव्हती. टोपली बंद केली असती, तर नवऱ्याला नाही म्हटलेलं फुकट गेलं असतं. ते फुकट जाऊ नये, एवढ्यासाठी ती कुडव्याला जात होती.

या साली योगराजच्या टाचेत गाळातला जुना शिंगाडा रुतला. त्याची शिंगं खिळ्याहून वाईट. पाय सुजला, तो घरी बसला. तोडणी त्याच्या चुलतभावानं करून दिली. सासूला न्यायला मी उरले आणि माझी जुनी स्कूटी. टोपली पायाजवळ, सासू मागे, आणि मी रागात. वाटेत विमान डोक्यावरून गेलं, तेव्हा सासूनं तेवढी मान वर केली.

चौक आला. सासू म्हणाली, "थांबव."

मी थांबवली नाही. मुद्दाम नाही थांबवली. "थांबव वं, गाडीवर नाही जात तिथं," ती माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होती. मी थेट फाटकापाशी नेऊन ब्रेक दाबला. आज त्या मालकिणीला विचारायचंच, असं मी ठरवूनच निघाले होते. बाई, तुमच्या टोपलीपायी आमचा माणूस उपाशी गेला, तुम्हाला खबर तरी आहे का? वाक्य सुद्धा पाठ करून ठेवलं होतं.

सासूनं घाईघाईनं चपला काढल्या, पदर ओढला, टोपली घेऊन आत गेली. मी मागे. आणि फाटकातून जाताना माझं लक्ष पाटीकडे गेलं. सासूला वाचता येत नाही, आणि येत असतं तरी तिनं मान वर केली नसती. पाटीवर दुर्गाप्रसाद नव्हतं. इंद्रकुमार होतं, आणि खाली कसल्याशा एजन्सीचं नाव.

सासूनं पायरीवर टोपली ठेवली, हात जोडले, मान खाली घातली. "मालकीनबाई, शिंगाडे आनलो जी."

आतून माझ्याच वयाची एक बाई हात पुसत आली. चेहरा हसरा. "अरे अम्मा, आ गईं? मैं कल ही बोल रही थी, इस बार सिंघाड़े वाली अम्मा आई नहीं अभी तक."

मी विचारलं, "दुर्गाप्रसादजी कहाँ हैं?"

"वो? वो तो चार साल हुए, मकान बेच के रायपुर चले गए, बेटे के पास. मकान हमने लिया है."

सासूची मान खालीच होती. तिला ऐकू गेलं की नाही, मला कळेना. मीच पुढे विचारलं, मग हे शिंगाडे तुम्ही चार वर्षं कसे घेता?

ती बाई गोंधळली. वाईट नव्हती बिचारी. "हमको लगा अम्मा की कोई मन्नत होगी. देवी का बोला होगा. हर साल चुपचाप आती हैं, हाथ जोड़ती हैं, कुछ माँगती नहीं. अब किसी की मन्नत को ना कैसे बोलें? हमारे यहाँ तो कोई खाता भी नहीं. मैं बर्तनवाली को दे देती हूँ."

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण मी शंभर वेळा ऐकली होती. आज ती पायरीवर ठेवलेली पाहिली. पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडात तसंच राहिलं. कोणाला म्हणू? या बाईला? तिचा काय दोष? दुर्गाप्रसादजी रायपूरला सुखात असतील, त्यांना तर ही टोपली आठवतही नसेल. जाताना एक निरोप पाठवला असता, चमेलीबाई, आता आणू नका म्हणून, तर काय त्यांची इस्टेट कमी झाली असती? आमची आठवण राहावी एवढे आम्ही त्यांच्या हिशेबात नव्हतोच. एवढा राग घेऊन मी आले होते, आणि तो काढायला समोर माणूसच नव्हता.

सासूनं पदर मागे घेतला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं त्या दारात मान वर केली आणि त्या बाईच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"दोन साल आंधी," ती म्हणाली, "तवा बी तुमीच होते का?"

"हाँ अम्मा, हम ही थे."

"मी टोपली ठेवली, तवा?"

"हाँ. आप बहुत जल्दी में थीं उस दिन. टोकरी भी यहीं छोड़ के जा रही थीं, मैंने ही पीछे से आवाज़ दी."

सासूनं मान हलवली. मग वाकली, टोपलीतून दोन ओंजळी शिंगाडे काढले आणि पायरीवर ठेवले. "हे भांडेवालीले देजो," ती म्हणाली. "तुले नाही." आणि बाकीची टोपली उचलून डोक्यावर घेतली. ती बाई "अरे अम्मा, क्या हुआ" म्हणत फाटकापर्यंत आली. सासू थांबली नाही. चपलाही तिनं घातल्या नाहीत, मीच उचलून स्कूटीला अडकवल्या.

घरी आलो तेव्हा दहा-साडेदहा झाले असतील. ऊन छान पडलं होतं. योगराज पाय वर करून ओट्यावर बसला होता, माझी मुलगी टीना अंगणात झेंडूच्या फुलांचे देठ तोडत होती. भरलेली टोपली परत आलेली पाहून योगराज उभाच राहिला. मी चार वाक्यांत सगळं सांगितलं. तो खाली बसला, सुजलेल्या पायावर हात फिरवत राहिला.

"मी त्या टपरीवर चहा पीत बसलो," तो म्हणाला. "पन्नास पावलं होती. कधी जाऊन नाही पाहिलो."

"कोनीच नाही पाहिलं," सासू म्हणाली. तिनं टोपली अंगणाच्या मधोमध ठेवली, अगदी जिथे सासऱ्यांची खाट होती तिथे, आणि विळा मागितला. "इकडे या सारे. बसा."

ही बाई आम्हाला अंगणात बसा म्हणते आहे, हे अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. आम्ही बसलो. गोल करून बसलो. गंज चढवायलाही तिनं थांबू दिलं नाही. पहिल्या तोडणीचे कोवळे शिंगाडे कच्चेच खायचे असतात म्हणे. आम्हाला ते माहीतच नव्हतं, कारण आमच्या घरात ते कधी कोणी खाल्लेच नव्हते.

तिनं पहिला शिंगाडा घेतला. दोन्ही शिंगं छाटली, साल काढली, आतला पांढरा गर मोकळा केला. योगराज हळूच म्हणाला, "माय, हा बाबाच्या फोटोपुढे ठेवू का?"

मला वाटलंच होतं की आता फुटणार. ती फुटली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "फोटोले कायले? फोटोले दात आहेत का? जिता होता तवा मागला, तवा कोन देला? मी नाही देलो, तू नाही देला, हे शिकलेली बी उभी राहून पाहतच होती. आता फोटोले खाऊ घालता! लाज नाही वाटत?" आणि तो गर टीनाच्या तोंडात कोंबला. पोरगी घाबरली, पण चावली. "आजी, गोड आहे," म्हणाली.

मग सासूनं दुसरा सोलून योगराजला दिला, तिसरा मला. फेकल्यासारखाच दिला. मी तो हातात धरून राहिले. चौथा तिनं स्वतःसाठी सोलला. ओला, पांढरा गर तळहातावर ठेवून ती त्याच्याकडे बघत बसली. माझी सासू रडत नाही. सासरे गेले तेव्हाही भिंतीला डोकं लावून नुसती शिव्या देत होती. आताही तिचा आवाज रागाचाच होता.

"एवढूसा," ती म्हणाली. "एवढूसा तं मागला होता त्यानं."

वर एक विमान तलावाला वळसा घालून गेलं, टीनानं हात हलवला. सासूनं तो गर तोंडात टाकला, दोनदा चावला, गिळला आणि लगेच पाचवा सोलायला घेतला. मान वर न करता माझ्यावर खेकसली, "पाहून काय राहिली? खा."

मी खाल्ला. फार गोड होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.